शेगडीचा धूर आणि नगरसंस्थेची थैली

इंग्लंडच्या इतिहासाचें वाचन आपल्याकडे पुष्कळ झालें आहे. परंतु तें बहुधा राजे, लढाया, पार्लमेंट आणि वसाहती यांच्या पलीकडे गेलेलें नाहीं. त्या देशांतील सामान्य माणूस हिंवाळ्यांत आपलें घर कशानें तापवीत असे, त्याचा खर्च कोण सोशीत असे, आणि त्याच्या धुराड्यांतून निघालेल्या धुराचें पुढें काय होई, हा विषय इतिहासकारांनीं स्वयंपाकघरांतला समजून बाजूस ठेवलेला दिसतो. वस्तुतः राज्यसंस्था आणि घर यांच्यामधला उंबरठा नेमका कोठें आहे, हा प्रश्न ह्या शेगडीच्या इतिहासांत जितका स्पष्ट उमटला आहे तितका तो मोठमोठ्या सनदांतही उमटलेला नाहीं, असें आम्हांस वाटतें. ह्या इतिहासांतील मध्यवर्ती घटना म्हणजे एक लहानसें कलम आहे : १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्याचें बारावें कलम. जुनी शेगडी काढून धूर न करणारी बसविण्यास जो वाजवी खर्च येईल, त्याचे दहांपैकीं सात हिस्से स्थानिक नगरसंस्थेनें घरवाल्यास परत द्यावे, असें तें सांगतें. ह्या सात हिश्शांपर्यंत पोंचावयास इंग्रजांना साडेसहाशें वर्षें लागलीं. तीं कां लागलीं, आणि त्या सात हिश्शांनीं काय साधलें व काय साधलें नाहीं, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम त्या शेगडीचेंच वर्णन केलें पाहिजे. आपल्याकडील चूल ही मुख्यतः स्वयंपाकाची. थंडीची शेकोटी म्हणजे वर्षांतून दोन महिन्यांची पाहुणी. तिकडे वर्षाचे सहासात महिने घर तापवावें लागतें. दिवाणखान्याच्या भिंतींत एक कोनाडा, त्यांत लोखंडी जाळी, जाळीवर पेटलेला दगडी कोळसा, आणि त्यावरून थेट छपरापार गेलेलें विटांचें धुराडें, अशी ती उघडी शेगडी असे. तिची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशांत जाते. जी थोडी खोलींत राहते ती समोर बसलेल्यांचीं तोंडें भाजते, पाठी मात्र गारच ठेवते. शिवाय धुराड्याचा ओढा इतका जबर, कीं खिडक्यादारांच्या फटींतून बाहेरची थंड हवा तो आंत खेंचून घेतो. म्हणजे घर तापविण्याची खटपट जितकी अधिक, तितका घरांत वारा अधिक! बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड ह्या शास्त्रज्ञानें १७९६ मध्यें धुराड्याचा गळा अरुंद करून हा दोष पुष्कळ कमी करून दाखविला. पण मूळ उधळेपणा कायमच राहिला, आणि इंग्रज गृहस्थास त्याचें वाईटही वाटत नसे. त्याच्या दृष्टीनें ती ज्वाला म्हणजे घराचा देवच होती.

धुराविषयींची तक्रार मात्र फार जुनी आहे. १२५७ मध्यें तिसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर नॉटिंगहॅम येथें मुक्कामास असतां कोळशाच्या धुरानें हैराण होऊन तेथून निघून गेली. पुढें १३०६ मध्यें पहिल्या एडवर्डनें लंडनच्या कारागिरांनीं समुद्रमार्गें येणारा कोळसा जाळूं नये म्हणून फर्मान काढलें. फर्मान राहिलें कागदावर आणि कोळसा राहिला भट्टींत. सोळाव्या शतकांत शहरांच्या आसपासचें सरपण महाग झालें, तेव्हां तोच कोळसा भट्टींतून घरांत शिरला. १६६१ सालीं जॉन एव्हलिन ह्या विद्वान गृहस्थानें लंडनच्या धुरावर एक पुस्तिका लिहून ती दुसऱ्या चार्ल्स राजास अर्पण केली. धुराविरुद्धच्या वाङ्मयांत तिचें स्थान पहिलें मानतात. परंतु तिच्यांतील एका गोष्टीकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. एव्हलिननें दारू गाळणारे, रंगारी, चुनाभट्टीवाले, साबण करणारे ह्या सर्वांना आरोपींच्या पिंजऱ्यांत उभें केलें. पण घरगुती शेगडीला मात्र जवळजवळ निर्दोष म्हणून सोडून दिलें. त्याच्या काळीं तें कदाचित् खरेंही असेल. पुढील तीनशें वर्षें मात्र प्रत्येक कायदेकर्त्यानें हीच सुटका डोळे मिटून चालू ठेवली.

त्यानंतर दुसऱ्याच वर्षीं सरकारनें शेगडीकडे पाहिलें, पण तें निराळ्या नजरेनें. १६६२ सालीं शेगडीपट्टी बसली : दर शेगडीमागें वर्षास दोन शिलिंग, सहामाही हप्त्यानें. गरिबांना सूट होती. तथापि शेगड्या मोजण्यासाठीं पट्टीवसुलीचे कामगार लोकांच्या घरांत, निजावयाच्या खोल्यांपर्यंत शिरूं लागले, आणि ह्या गोष्टीचा लोकांस अतोनात संताप आला. १६८९ मध्यें विल्यम आणि मेरी यांनीं गादीवर येतांच लोकांचें प्रेम संपादण्याकरितां प्रथम जीं कामें केलीं, त्यांत ही पट्टी रद्द करणें हें एक होतें. इंग्रजांच्या मनावर ह्या सत्तावीस वर्षांचा डाग खोल बसला असावा. सरकारी माणूस शेगडीपाशीं येतो तो कांहींतरी नेण्यासाठींच, ही समजूत त्यांच्या हाडीं खिळली. आम्हांस वाटतें, पुढील कायद्यांची भित्री भाषा समजून घ्यावयाची तर ही पट्टी लक्षांत ठेवली पाहिजे.

ती भित्री भाषा पाहा. वाफेच्या यंत्रांचा काळ आला, मँचेस्टर आणि शेफील्ड काळीं पडलीं, १८५३ मध्यें पामर्स्टनच्या खटपटीनें लंडनपुरता धूरप्रतिबंधक कायदा झाला, आणि १८७५ चा सार्वजनिक आरोग्याचा मोठा कायदा आला. त्यांत काळा धूर सोडणारें धुराडें हा उपद्रव ठरविला. पण लगेच कंसांत सांगितलें, कीं तें खाजगी राहत्या घराचें धुराडें नसावें. एवढ्या एका कंसानें कोट्यवधि धुराडीं मोकळीं सुटलीं. सर विल्यम रिचमंड ह्या चित्रकाराच्या पुढाकारानें १८९८ मध्यें कोळशाच्या धुराविरुद्ध एक मंडळी निघाली. लॉर्ड न्यूटनच्या समितीनें १९२१ मध्यें आपला अहवाल देतांना घरगुती धुराकडेही बोट दाखविलें. तरीदेखील १९२६ च्या कायद्यांत तो कंस जसाच्या तसा राहिला. हीच दृष्टि इंग्रजांबरोबर समुद्र ओलांडून इकडेही आली. मुंबईचा १९१२ चा धुराच्या उपद्रवाविषयींचा कायदा गिरण्या व कारखाने यांच्या धुराड्यांवर नजर ठेवूनच झाला होता. चाळींतल्या खोलींत फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांतील पाण्याची दखल घेण्याचें कारण त्याला नव्हतें.

ह्या उदासीनतेचीं कारणें दोन होतीं. एक भावनेचें, तें वर आलेंच आहे. ह्या भावनेला कमी लेखूं नये. जॉर्ज ऑर्वेलसारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या व गरिबांचा कैवार घेणाऱ्या लेखकानेंही १९४५ च्या डिसेंबरांत एका वृत्तपत्रांत उघड्या शेगडीची वकिली केली. सारें कुटुंब एका ज्वालेभोंवतीं गोळा होतें हा तिचा मोठा गुण त्यानें मानला. दुसरें कारण पैशाचें. आणि तेंच अधिक खरें होतें. मजुराला उद्यां तुझी शेगडी बंद कर म्हणून सांगितलें, तर त्यानें मुलांना ऊब कशाची द्यावी? गॅसची शेगडी किंवा कोक जळेल अशी बंद शेगडी बसविण्यास पैसा लागतो. घर बहुधा भाड्याचें. घरमालक तो खर्च करणार नाहीं आणि भाडेकरू करूं शकणार नाहीं. म्हणून धूर वाईट आहे हें प्रत्येक समितीनें कबूल केलें, परंतु तो घालविण्याचा खर्च कोणी करावा ह्या प्रश्नाशीं आली कीं प्रत्येक समितीची लेखणी अडखळली. बंदी घालणें अन्यायाचें आणि बंदी न घालणें प्राणघातक, ह्या कोंडींतून बाहेर पडण्यास एकच वाट होती. आणि ती सरकारी तिजोरीच्या दारावरून जात होती.

ह्या वाटेवर पहिलें पाऊल राजधानीनें टाकलें नाहीं. तें एका धुरकट कारखानी शहरानें टाकलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मँचेस्टरच्या नगरसंस्थेनें १९४६ मध्यें स्वतःपुरता कायदा पार्लमेंटाकडून करून घेतला आणि निर्धूम विभाग ठरविण्याचा अधिकार मिळविला. १९५२ मध्यें शहराच्या मध्यभागीं असा एक विभाग अंमलांतही आला. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनला त्याची किंमत कळली.

१९५२ च्या डिसेंबरची ५ तारीख, शुक्रवार. हवा थंड व निश्चल होती. वर उबदार हवेचें झांकण बसलें आणि त्याखालीं लाखों शेगड्यांचा, विजेच्या कारखान्यांचा व आगगाड्यांचा धूर धुक्यांत मिसळून पांच दिवस कोंडून राहिला. रस्त्यांत स्वतःचे पाय दिसेनात. मोटारगाड्यांपुढें माणूस हातांत दिवा घेऊन चालूं लागला. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहांत प्रेक्षकांना रंगभूमि दिसेना, गाणाऱ्यांना खोकला आवरेना, तेव्हां चालू संगीत नाटक अर्ध्यावर थांबवावें लागलें. अर्ल्स कोर्ट येथें गुरांचें प्रदर्शन भरलें होतें, तेथें बक्षिसासाठीं आणलेलीं कांहीं धष्टपुष्ट जनावरें धापा टाकीत मेलीं. जनावरांची बातमी वर्तमानपत्रांत ताबडतोब आली. माणसांची मोजदाद उशीरा झाली. म्हातारे, तान्हीं मुलें आणि दम्याचे रोगी आपापल्या अंथरुणांत, बहुधा पेटलेल्या शेगडीच्याच उजेडांत, गेले. मंगळवार, ता. ९ रोजीं वारा सुटला. आंकडे जमले तेव्हां नेहमींपेक्षां सुमारे ४,००० मृत्यु अधिक झाल्याचें दिसलें. पुढील दोन-तीन महिन्यांतील जास्तीचे मृत्यु सरकारनें इन्फ्ल्युएंझाच्या खातीं टाकले. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें खातें पुन्हां तपासलें आणि एकंदर संख्या १२,००० च्या घरांत नेली.

ह्या ठिकाणीं एक कटु गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. युद्धानें देश कर्जबाजारी झाला होता. चांगला कोळसा परदेशीं विकून चलन मिळविलें जाई, आणि घरगुती कोळशावर नियंत्रण होतें. त्याच डिसेंबरच्या आरंभीं सरकारनें भुकटी मिसळलेला हलका कोळसा नियंत्रणांतून मोकळा करून लोकांना हवा तितका घेऊं दिला. म्हणजे गरिबाच्या शेगडींत सर्वांत धुरकट इंधन सरकारनेंच जाऊं दिलें होतें. दुर्घटनेनंतरही सरकारला घाई नव्हती. घरबांधणी-मंत्री हॅरॉल्ड मॅक्मिलन यांनीं १९५३ मध्यें मंत्रिमंडळासाठीं एक टिपण केलें. त्याचा आशय असा, कीं आपल्या हातून फारसें होण्यासारखें नाहीं, तथापि आपण पुष्कळ कामांत आहों असें दिसावें. राजकारणाच्या अभ्यासकांनीं हें टिपण जपून ठेवावें!

तथापि काम दाखविण्यासाठीं नेमलेल्या समितीनें खरोखरच काम केलें. तिचे अध्यक्ष सर ह्यू बीव्हर हे इंजिनीयर होते. १९५४ च्या नोव्हेंबरांत आलेल्या त्यांच्या अहवालानें एव्हलिनच्या काळापासून चालत आलेला निकाल फिरविला. देशांत जळणाऱ्या कोळशांत घरांचा वांटा लहान, पण धुराच्या एकंदर राशींत तो जवळजवळ निम्मा, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडलें. कारखान्याची भट्टी कोळसा बऱ्याच अंशीं पूर्ण जाळते. घरची शेगडी तो अर्धवट जाळून उरलेला शेजाऱ्याच्या छातींत पाठविते. ह्या दूषित हवेनें राष्ट्राचें वर्षाला २५ कोटी पौंड नुकसान होतें, असा त्यांचा अंदाज होता. दाट वस्तीच्या भागांतील धूर दहापंधरा वर्षांत शेंकडा ८० नीं कमी करावा असें ध्येय त्यांनीं ठरविलें. आणि शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक पैशांतून द्यावा, असें स्पष्ट सांगितलें. सरकार तरीही रेंगाळूं लागलें, तेव्हां सत्तारूढ पक्षाचेच एक सभासद, भरघोस मिशांचे जेराल्ड नबारो, यांनीं स्वतःचें विधेयक पार्लमेंटापुढें आणलें, आणि सरकारकडून कायद्याचें वचन घेऊन मगच तें परत घेतलें. १९५६ च्या जुलईच्या ५ तारखेस स्वच्छ हवेच्या कायद्यावर राणीची संमति झाली.

आतां त्या बाराव्या कलमाची रचना पाहूं. नगरसंस्थेनें एखादा भाग धूरनियंत्रित म्हणून जाहीर करावा. लोकांच्या हरकती ऐकल्या जाव्या. मंत्र्याची मंजुरी घ्यावी. आणि घरें तयार करण्यास कांहीं महिन्यांची मुदत द्यावी. त्या मुदतींत जुन्या घरांतील शेगडी बदलण्याचा, गॅसची नळी आणण्याचा वगैरे जो वाजवी खर्च होईल, त्याचे सात दशांश नगरसंस्थेनें देणें बंधनकारक. पैकीं चार दशांश मध्यवर्ती तिजोरीनें नगरसंस्थेस भरून द्यावयाचे, तीन दशांश नगरसंस्थेनें आपल्या घरपट्टींतून सोसावयाचे, आणि उरलेले तीन दशांश घरवाल्यानें. समजा, काम वीस पौंडांचें झालें; तर आठ पौंड राष्ट्राचे, सहा गांवाचे आणि सहा घरवाल्याचे. ज्याला तेवढेही झेपत नसतील त्याचे सहा पौंडही द्यावयाची मोकळीक नगरसंस्थेला होती. कायदा झाल्यानंतर बांधलेल्या नव्या घरांना मात्र कांहीं मिळावयाचें नव्हतें, कारण त्यांनीं मुळांतच नीट शेगडी बसवावी अशी अपेक्षा होती.

ह्या हिशेबांत एक तत्त्व लपलेलें आहे. अमक्याची शेगडी बदलावी म्हणून शेजाऱ्यानें घरपट्टी कां भरावी, असा प्रश्न त्या वेळीं निघणें साहजिक होतें. त्याचें उत्तर त्या चार-तीन-तीनच्या वांटणींतच आहे. धूर घरवाल्याचा आहे म्हणून त्याचा वांटा. तो गल्लींत राहतो म्हणून गांवाचा वांटा. आणि गांवाची वेस त्याला अडवूं शकत नाहीं म्हणून राष्ट्राचा वांटा. तीन शतकांपूर्वीं सरकारी माणूस शेगड्या मोजीत घरांत आला होता तो दोन शिलिंग नेण्यासाठीं. आतां नगरसंस्थेचा निरीक्षक पुन्हां घरोघर शेगड्या मोजीत फिरूं लागला, पण त्याच्या हातांत अनुदानाचा अर्ज होता. शेगडीपट्टीसारखा संताप ह्या खेपेस उसळला नाहीं. हा फरक इंग्रजी स्वभाव बदलल्यामुळें पडला असें आम्ही मानीत नाहीं. थैलीचें तोंड उलट्या दिशेस वळलें होतें.

अंमलबजावणी मात्र सर्वत्र सारखी झाली नाहीं. कायद्यानें विभाग जाहीर करण्याची सक्ति प्रथम केली नव्हती. तें नगरसंस्थांच्या मर्जीवर होतें. लंडननें झपाट्यानें काम केलें. उत्तरेकडील खाणींच्या गांवांत गोष्ट वेगळी होती. तेथें खाणकामगाराला मजुरीचा भाग म्हणून सवलतीचा कोळसा घरपोंच मिळे. त्याच्या दारांत टाकलेला कोळशाचा ढीग हा त्याच्या श्रमाचा मोबदला होता. त्याला निर्धूम शेगडीचे सात दशांश देऊं करणें म्हणजे मिळकतीचा एक भाग सोडून देण्यास सांगणें. नगरसंस्थेंत बसलेले सभासदही त्याच कुटुंबांतले. ते ह्या कायद्याकडे काणाडोळा करीत, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं; ज्या कायद्यानें शेगडीचा खर्च मोजला पण इंधनाचा मोजला नाहीं, त्याचाच हा दोष होता. धूर न करणारें तयार इंधन साध्या कोळशाहून बहुधा महाग पडे, आणि अनुदान जन्मांत एकदांच मिळे. अखेर १९६८ च्या दुरुस्तीनें मागें राहिलेल्या नगरसंस्थांना विभाग जाहीर करण्यास भाग पाडण्याचा अधिकार मंत्र्याला दिला.

लंडनचा धूर हटला तो केवळ ह्या कायद्यानें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. मध्यंतरीं राहणीच बदलत होती. बायका नोकरीस जाऊं लागल्या. पहाटे उठून राख काढावयास घरांत कोणी उरलें नाहीं. १९६५ मध्यें उत्तर समुद्रांत नैसर्गिक वायु सांपडला, आणि १९६७ ते १९७७ ह्या दहा वर्षांत देशांतील जवळजवळ १ कोटी ३० लाख ग्राहकांचीं गॅसचीं उपकरणें एकेक करून त्या वायूस योग्य अशीं बदलून दिलीं गेलीं. कोळशाची शेगडी त्या लाटेंत आपोआपही बुडालीच असती. पण ती कधीं, हा प्रश्न उरतो. आणि दम्याच्या माणसाला दहा वर्षांचें अंतर म्हणजे उभा जन्म असतो. १९६२ च्या डिसेंबरांत लंडनवर पुन्हां तसेंच धुकें बसलें, तेव्हां मृत्यु झाले, पण ते शेंकड्यांत मोजावे लागले. हजारांत मोजावे लागले नाहींत.

इतकें झाल्यावर ह्या कायद्याची एक मोठी उणीव सांगितली पाहिजे. त्याच्या नजरेस धूर पडला, थंडी पडली नाहीं. निरीक्षक घरांत आला, त्यानें शेगडी पाहिली, आणि तो परत गेला. त्यानें मान वर करून छपराकडे पाहिलें नाहीं. नव्या शेगडीची उष्णता पूर्वींच्याच फटींतून, उघड्या माळ्यावरून आणि पातळ भिंतींवाटे बाहेर जात राहिली. घराला गोधडी पांघरावी ही साधी गोष्ट सुचण्यास १९७३ ची तेलाची महागाई यावी लागली. १९७८ मध्यें घरांच्या उष्णतारक्षणाचा कायदा होऊन माळ्यावर जाड अस्तर घालण्यासाठीं अनुदान देण्याचें काम पुन्हां नगरसंस्थांकडेच आलें : खर्चाच्या शेंकडा ६६, पण ५० पौंडांच्या आंत. आंकडा पुन्हां दोन-तृतीयांशांच्या आसपासच आला, हें आम्हांस मौजेचें वाटतें. पुढें १९९० नंतर हें काम नगरसंस्थांच्या हातून काढून मध्यवर्ती योजनांकडे गेलें, आणि योजनांचीं नांवें दर चारपांच वर्षांनीं बदलूं लागलीं. त्या सर्वांची हजेरी घेण्याचें कारण नाहीं. मात्र दोन प्रकार एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत.

यॉर्कशायरच्या पश्चिम भागांत हडर्सफील्ड, ड्यूसबरी वगैरे गांवांची मिळून कर्क्लीस नांवाची नगरसंस्था आहे. लोकरीच्या गिरण्यांचा हा जुना मुलूख. १९५२ पूर्वीं येथील आकाशही काळेंच असे. ह्या नगरसंस्थेनें २००७ ते २०१० ह्या काळांत ठरविलें, कीं आपल्या हद्दींतील ज्या ज्या घरास लागू पडेल त्या प्रत्येक घराच्या माळ्यावर अस्तर आणि दुपदरी भिंतींच्या पोकळींत भरण मोफत घालावयाचें. उत्पन्नाचा दाखला नाहीं, श्रीमंत-गरीब भेद नाहीं. कांहीं पैसा नगरसंस्थेचा. कांहीं वीज व गॅस विकणाऱ्या कंपनीवर कायद्यानें टाकलेल्या जबाबदारींतला. एकेक वॉर्ड घेऊन माणसें दारोदार गेलीं. पन्नास हजारांवर घरांत काम झालें. दगडी भरीव भिंतींच्या जुन्या घरांना भरणाचा उपाय लागू पडत नव्हता, तीं तशींच राहिलीं. पण जें होण्यासारखें होतें तें सरसकट झालें.

उलट, मध्यवर्ती सरकारनें २०१३ च्या जानेवारींत एक योजना काढली. तिच्यांत घरवाल्यानें कर्ज काढून काम करावयाचें आणि विजेच्या बिलांतून तें व्याजासह फेडावयाचें. अडीच वर्षांत तिचा नवा पैसा बंद झाला. साऱ्या देशांत सुमारे १४ हजार घरांनीं हें कर्ज घेतलें होतें. म्हणजे एका नगरसंस्थेनें तीन वर्षांत जितकीं घरें गांठलीं त्याच्या तृतीयांशाइतकीं सुद्धां साऱ्या राष्ट्राला गांठतां आलीं नाहींत. २०२० च्या सप्टेंबरांत पुन्हां एक योजना निघाली. ह्या वेळीं कर्ज नव्हतें. हुंडीसारखें पत्र घरवाल्यानें मागवावयाचें व स्वतः कारागीर शोधावयाचा. सहा लाख घरांचें उद्दिष्ट, दीड अब्ज पौंडांची तरतूद. सहा महिन्यांनीं ती बंद झाली, तेव्हां अंदाजें ४७,५०० घरांचें काम होणार आणि ३१ कोटी ४० लाख पौंड खर्च पडणार असें पार्लमेंटाच्या हिशेबसमितीनें दाखविलें. पैसा होता, लोकांना गरजही होती. पण दारावर येऊन माळ्याचें मोजमाप घेणारें परिचित माणूस मध्यें नव्हतें. त्याच योजनेचा जो भाग स्थानिक संस्थांमार्फत गरीब कुटुंबांसाठीं ठेवला होता, तो मात्र पुढेंही चालू राहिला.

उघड्या ज्वालेचा मोह अजून गेला नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे. कोळसा गेला आणि लांकडाची शोभिवंत बंद शेगडी सुखवस्तू घरांत परत आली; शहरांच्या हवेंतील सूक्ष्म कणांचा हिशेब करणाऱ्या शास्त्रज्ञांना तिची दखल घ्यावी लागत आहे. पूर्वीं धूर गरिबाच्या गरजेचा होता, आतां तो कांहीं अंशीं हौसेचा झाला आहे. आणि हौसेच्या धुराला कोणी सात दशांश देत नाहीं, तें योग्यच आहे. साध्या दगडी कोळशाची घरगुती विक्री इंग्लंडांत २०२१ च्या मे महिन्यापासून प्रथम पिशव्यांतून आणि १ मे २०२३ पासून सुट्या मापानेंही बंद झाली. पहिल्या एडवर्डच्या फर्मानानंतर हें ७१७ व्या वर्षीं घडलें. आणि त्या दिवशीं लंडनमध्यें ज्यास ह्या बंदीमुळें थंडींत बसावें लागणार होतें असें घर शोधूनच काढावें लागलें असतें.